'नॅचरल' म्हटल्यानं बीजाचं वय कमी होत नाही

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या एका बाईनं पदराच्या गाठीतून चार घड्या घातलेलं एक पत्रक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. बाईचं वय एकेचाळीस. लग्नाला बावीस वर्षं झालेली, मूल नाही. पत्रक एका शहरातल्या केंद्राचं होतं. इंजेक्शनांचा मारा नाही, शरीराच्या लयीनं उपचार, खर्च कमी आणि वयाची चिंता करायचं कारण नाही, असा त्याचा एकूण आशय. दोन म्हशी विकून पैसे उभे करायचे, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. तिनं मला एवढंच विचारलं, "मॅडम, ह्यात आपलंच बीज वापरत्यात म्हनं. मंग व्हईल का लेकरू?"

पत्रकाचं उत्तर होतं, होईल. मला तिला 'होण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी आहे' असं सांगावं लागलं. ती पत्रक तिथंच ठेवून उठली आणि तेव्हापासून ते माझ्या खणात आहे. त्याचा प्रतिवाद मला जाहीरपणे करायचा आहे. त्याच्या जोडीला आमच्या जिल्ह्यात रुजलेल्या आणखी एका समजुतीचाही करायचा आहे. बाईचं वय निघून जातं, म्हणून पोरगी सोळाव्या-सतराव्या वर्षीच उजवून टाकावी, ही ती समजूत. पत्रक म्हणतं वयाला काही अर्थ नाही आणि गावातला कारभारी म्हणतो वय म्हणजेच सगळं. दोघंही चूक आहेत आणि दोघांच्या चुकीची किंमत एकच बाई मोजते.

आधी उपचाराबद्दल, कारण त्याला सरसकट खोटं ठरवणंही अन्यायाचं होईल. निसर्गचक्रातलं आयव्हीएफ, म्हणजे इंजेक्शनांशिवाय पिकलेलं बीज काढून शरीराबाहेर फलन करणं, ही काही भोंदूंची कल्पना नाही. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी त्याच वाटेनं आली. ऑल्डहॅमच्या रुग्णालयात पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी अनेक वर्षं इंजेक्शनं देऊन पाहिली, अपयश घेतलं आणि शेवटी ती बाजूला ठेवली. लेस्ली ब्राउन या बाईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. तिची पाळी जशी येत होती तशी येऊ दिली, लघवीतल्या संप्रेरकाची तपासणी दिवसरात्र ठरावीक तासांनी केली आणि बीज फुटायच्या बेतात असताना नोव्हेंबर १९७७मध्ये ते एकुलतं बीज दुर्बिणीतून काढलं. २५ जुलै १९७८ रोजी लुईस जन्मली. ही हकीकत या उपचाराची जाहिरात करणारे मोठ्या अभिमानानं सांगतात आणि सांगावीच. फक्त एक तपशील त्यातून गळतो. बीज काढलं तेव्हा लेस्लीचं वय तीस वर्षांचं होतं.

त्यानंतर जग दुसऱ्या वाटेला लागलं. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याच वर्षी इंजेक्शनं देऊन एकाहून जास्त बीजं मिळवली, गर्भ गोठवला आणि पुढच्या एका चक्रात तो गर्भपिशवीत ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा जन्मली. त्यांची हेटाळणी झाली, १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि पुढे जगानं पत्करली ती वाट बरीचशी त्यांचीच होती. मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय आहे, हे मी मुद्दाम सांगते. हे शास्त्र आपल्या राज्यात सार्वजनिक रुग्णालयाच्या दारातून आलं आहे.

इंजेक्शनांची वाट का निवडली गेली, हे साध्या हिशेबानं कळतं. निसर्गचक्रात महिन्याला एक बीज. ते काढायच्या आधीच फुटलं, तर महिना वाया. सुई घातली आणि बीज हाती लागलं नाही, तर वाया. हाती लागलं पण फलन झालं नाही, तरी वाया. २००२ साली डच संशोधकांनी वीस अभ्यासांतली १८०० चक्रं एकत्र मांडून पाहिली. त्यांतल्या ८१९ चक्रांतच गर्भ पिशवीत ठेवण्याची पायरी गाठता आली आणि टिकलेली गर्भधारणा १२९ जणींना झाली. म्हणजे सुरू केलेल्या शंभर चक्रांत सात. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं २०१३मध्ये हा उपचार देऊ नये, असंच सुचवलं.

पत्रकवाल्यांचं यावरचं उत्तर मला ठाऊक आहे. ते म्हणतात, संख्येचं काय घेऊन बसलात, दर्जा बघा. इंजेक्शनांनी ओढून काढलेल्या दहा बीजांपेक्षा निसर्गानं निवडलेलं एक बीज सरस. ऐकायला हे इतकं पटतं की शिकलेली माणसंही माना डोलावतात. म्हणून इथं जरा थांबते.

निसर्ग त्या महिन्याला एक बीज पुढे काढतो, हे खरं. पण कशाच्या आधारावर? पाळीच्या सुरुवातीला काही पुटकुळ्या एकदम वाढू लागतात. त्यांतली जी मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकाला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरानं दाद देते, ती पुढे जाते आणि बाकीच्या सुकतात. ही शर्यत पुटकुळीच्या वाढीची आहे. आतल्या बीजातली गुणसूत्रं नीट आहेत की नाहीत, याची परीक्षा त्या शर्यतीत होत नाही. चाळिशीच्या बाईच्या शरीरात निसर्गानं निवडलेलं बीजही चाळीस वर्षांचंच असतं.

चाळीस वर्षांचं, हे अक्षरशः. बाईला नवी बीजं तयार होत नाहीत. ती आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख उरतात, पाळी येते तेव्हा तीन-पाच लाख आणि सदतिशीच्या आसपास पंचवीसएक हजार. ही गळती गोळ्या घेतल्यानं थांबत नाही आणि बाळंतपणांनीही थांबत नाही. उरलेल्या प्रत्येक बीजातली गुणसूत्रांच्या जोडीची वाटणी जन्माच्या आधीपासून अर्ध्यावर थांबलेली असते. जोडीला धरून ठेवणारी प्रथिनं वर्षांगणिक झिजतात आणि शेवटी जोडी सुटते तेव्हा वाटणी चुकते. त्यामुळे पंचविशीत डाउन सिंड्रोमचं बाळ साधारण साडेबाराशेत एक, तर चाळिशीत शंभरात एक. गर्भपाताचं प्रमाणही तसंच चढत जातं. डेन्मार्कच्या मोठ्या नोंदींनुसार बेचाळिशीनंतरच्या गर्भधारणांपैकी निम्म्याहून अधिक टिकत नाहीत. ही झीज सुईच्या आधी झालेली असते. बीज इंजेक्शन देऊन काढा की न देता काढा, त्याला ती चुकत नाही.

आपल्या कायद्यानंही हे ओळखलं आहे. २०२१च्या सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्यानं उपचार घेणाऱ्या बाईचं वय २१ ते ५० ठरवलं, पण बीजदान करणारीचं वय २३ ते ३५. एकाच कायद्यात दोन वेगळ्या मर्यादा का? कारण पिशवी पन्नाशीपर्यंत गर्भ वाढवू शकते, बीजाचं मात्र तसं नाही. तरुण दात्रीचं बीज वापरलं की पंचेचाळिशीच्या बाईलाही जवळपास दात्रीच्या वयाचंच यश मिळतं, हे जगभर दिसलेलं आहे. वय वाढतं ते बीजाचं, याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही. याच कायद्यानं उपचार सुरू करण्याआधी यशाची शक्यता, तोटे आणि खर्च समजावून सांगण्याचं बंधन केंद्रांवर घातलं आहे. माझ्या खणातल्या त्या पत्रकात यातलं काहीही नाही.

मग हा उपचार कुणालाच देऊ नये का? मी तसं म्हणत नाही. चाळिशीजवळची, बीजांचा साठा संपत आलेली बाई, जिला भरमसाट इंजेक्शनं देऊनही एक-दोनच बीजं मिळतात, तिच्या बाबतीत मी स्वतः निसर्गचक्राची बाजू घेईन. हाती तेच लागणार असेल तर तिच्या शरीराला आणि घरादाराला कमी झळ लागावी. ज्यांना इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका आहे किंवा कॅन्सरच्या उपचारांमुळे संप्रेरकं वाढवणं बरं नाही, त्यांनाही ही वाट चांगली. पण ती निवडताना सांगायचं ते असं: 'ताई, याचा त्रास कमी आहे, यशही कमी आहे आणि तुमच्या वयात ते आणखी कमी आहे.' इटलीत अंडाशयांचा प्रतिसाद कमी असलेल्या बायकांच्या पाचशे निसर्गचक्रांचा अभ्यास झाला. त्यातही पस्तिशीच्या आतल्या बायकांशी तुलना करता चाळिशीपुढच्यांत गर्भ राहण्याचं प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होतं. उपचार तोच होता, फरक फक्त वयाचा.

'नॅचरल' या शब्दाची गंमत अशी की तो तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो आणि ऐकणारीला ते कळत नाही. सोनोग्राफी करून बीज फुटायचा दिवस सांगितला, तेही नॅचरल सायकल. त्या दिवशी नवऱ्याचं वीर्य पिशवीत सोडलं, तेही. आणि आधीच गोठवून ठेवलेला गर्भ इंजेक्शनांशिवाय पिशवीत ठेवला, तेही. या शेवटच्या प्रकाराचे आकडे चांगले असतात, कारण तिथे बीज गोठवलं गेलं त्या वयाचं असतं आणि गर्भ आधीच तयार असतो. ते आकडे पहिल्या दोन प्रकारांच्या पत्रकावर छापणं ही शुद्ध फसवणूक आहे. आणि नळ्या बंद असतील तर पहिले दोन्ही प्रकार निरुपयोगी. आपल्याकडे जननेंद्रियांच्या क्षयरोगानं किंवा दुर्लक्षित जंतुसंसर्गानं बंद झालेल्या नळ्या काही दुर्मीळ नाहीत.

आता खर्चाचं. इंजेक्शनं नाहीत म्हणून स्वस्त, हे मुंबई-पुण्यातल्या नोकरदार बाईला लागू असेल. माझ्या जिल्ह्यातली बाई दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघते आणि उन्हाळा लागल्यावर परत येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांच्या नावावर मुकादमाकडून घेतलेली एकच उचल. निसर्गचक्रात आठव्या-नवव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी लागते, बीज पिकल्याची खूण दिसली की सुई देऊन चौतीस-छत्तीस तासांनी बरोबर त्याच वेळी बीज काढावं लागतं. सांगली-कोल्हापूरच्या फडातल्या कोपीतून उठून ती हे कसं करणार? एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे दंड. पाचशे रुपयांचा खाडा लागतो म्हणून बायका पाळीतही ऊस तोडतात, हे २०१९मध्ये सगळ्या राज्यानं वाचलं. एका चक्रासाठी पाच-सहा खाडे, वर गाडीभाडं आणि शंभरात सात यश, म्हणजे बहुतेकींना पुन्हा पुन्हा तेच. उरतात पावसाळ्याचे चार-पाच महिने, म्हणजे चार-पाच बीजं. पत्रकावरची रक्कम या हिशेबात कुठे बसते ते छापणाऱ्यांनी सांगावं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण माझे हे मुद्दे उचलून उद्या कुणी म्हणेल, बघा, डॉक्टरीणबाईच सांगतात की वय महत्त्वाचं. मग पोरीचं लवकर उरकलेलंच बरं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के. याला वयाचं शास्त्र आधार देतं, असं ज्याला वाटतं त्यानं पुढचं नीट वाचावं.

अमेरिका-कॅनडातला हटराइट हा शेतकरी धर्मसमाज संततिनियमन करत नसे, म्हणून लोकसंख्याशास्त्रात त्यांच्या नोंदी फार मोलाच्या ठरल्या. १९५७ साली त्या प्रसिद्ध झाल्या. तिथल्या बायकांचं शेवटचं बाळंतपण सरासरी एकेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास होत होतं. चौतिशीपर्यंत दहातल्या जवळपास नऊ जणींना अजून मूल होऊ शकत होतं, चाळिशीपर्यंत तिघींतल्या दोघींना. पंचेचाळिशीपर्यंत मात्र बहुतेकींचं थांबलं होतं. उतार तिशीच्या मध्यानंतर तीव्र होतो. सतरा आणि पंचवीस यांच्यामध्ये वयामुळे गमावण्यासारखं काहीही नाही. पोरीला बारावी करू द्या, पुढे शिकू द्या, चोविसाव्या वर्षी लग्न करा, तिच्या बीजांचं काही बिघडत नाही. उलट सतराव्या वर्षीच्या बाळंतपणात रक्तक्षय, अडलेली प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ हे धोके मात्र नक्की वाढतात.

लग्न लवकर झालं की वांझपणाचा शिक्काही लवकर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत तर ते वंध्यत्व; बाई पस्तिशीपुढची असेल तर डॉक्टर सहा महिन्यांनीच तपासणी सुचवतात. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यापासून सासू बोटं मोजते. माझ्यासमोर एकोणीस वर्षांच्या मुली येऊन बसतात, तीन देवऋषी आणि दोन दवाखाने करून. त्यांच्या हातात एएमएचच्या तपासणीचा कागद असतो आणि कुणीतरी सांगितलेलं असतं, बीजं संपत आलीत. त्या तपासणीनं साठ्याचा अंदाज येतो, पण दिवस राहतील की नाही ते कळत नाही. अमेरिकेत तिशी ते चव्वेचाळिशीच्या साडेसातशे बायकांचा २०१७मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात साठा कमी असलेल्या आणि पुरेसा असलेल्या बायकांना आपोआप दिवस राहण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला त्या कागदावरून घाबरवणं हा अपराध आहे. एकविशीच्या आत तर कायद्यानं आयव्हीएफ देताच येत नाही. या मुलींपैकी कितीतरी जणींच्या नवऱ्यांनी धातूची साधी तपासणीही केलेली नसते. ती काही रुपयांत होते, सुई टोचत नाही, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषातही कारण सापडतं. तरी ती सगळ्यांत शेवटी. मी आता नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय बाईची एकही महाग तपासणी लिहून देत नाही.

आणि अनेक घरांत लेकरू म्हणजे मुलगा, हेही बोललं पाहिजे. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, २००१मध्ये ८९४ होत्या. दोन लेकी असलेली बाई अडतिसाव्या वर्षी 'नॅचरल'ची चौकशी करायला येते तेव्हा तिला वंध्यत्व नसतं, तिच्यावर दडपण असतं. तिला मी उपचार देत नाही. तिच्या नवऱ्याला आणि सासूला आत बोलावते.

आमच्याकडे बाईची मुदत बहुधा बीज संपवत नाही. जून २०१९मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी जास्त जाते, अशा तक्रारींवर कॅन्सरची भीती घालून विशी-तिशीतल्या बायकांना टेबलावर घेतलं गेलं. काहींची अंडाशयंही काढली गेली आणि पस्तिशीच्या आतच त्यांची पाळी कायमची गेली, हाडं ठिसूळ झाली. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करू नये, असा नियम आला. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथे वंध्यत्वाचा पहिला उपचार कुठला असायला हवा? पांढरं जाण्यावर वेळेत औषध. फडावर संडास आणि पाणी. क्षयरोगाची तपासणी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला दिवस, ज्या दिवशी नवरा-बायको दोघांची तपासणी फुकट होईल, वय विचारून खरा आकडा सांगितला जाईल, आणि टोळ्या निघण्याआधी भाद्रपद-आश्विनात त्याची दवंडी गावागावांत पोचेल. महापालिकेच्या रुग्णालयानं १९८६मध्ये जे करून दाखवलं, त्याच्या तुलनेत ही मागणी फार लहान आहे.

गेल्या पावसाळ्यात धारूरकडची एक बाई आली होती. वय एकोणतीस. सव्विसाव्या वर्षी पिशवी काढलेली, त्यानंतर वर्षभरात एकुलता मुलगा तापानं गेला. तिच्याही हातात तशाच एका पत्रकाचं कात्रण होतं. मी सोनोग्राफी केली. दोन्ही अंडाशयं जागेवर होती, डाव्या बाजूला एक पुटकुळी पिकत आलेली, अठरा मिलिमीटरची, दोन दिवसांत फुटेल अशी. तिचं वय योग्य होतं, बीज योग्य होतं, निसर्गाचं चक्र चालू होतं. गर्भ ठेवायला जागा नव्हती. सरोगसीच्या कायद्याप्रमाणे तिला पैसे न घेता मूल वाढवून देणारी, पंचवीस ते पस्तीस वयाची, स्वतःचं मूल असलेली बाई शोधावी लागली असती. मी हे सांगत होते तेव्हा ती पडद्यावरच्या त्या काळ्या गोल ठिपक्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "ह्ये दर म्हैन्याला येतंय का?" मी म्हटलं, "हो, दर महिन्याला."